पेरलेल्या दीर्घिका

भिंतीला आधी तडा गेला, मग एक वीट आत पडली, आणि विटेमागून एक चेहरा आला.

"इथे कोणी बसतं का?" चेहऱ्याने विचारलं.

"बसत होतं," ती म्हणाली. "आता शिंकतं."

आणि लगेच तिला शिंक आली. डोळ्यांत पाणी, नाकावर ओढणीचं टोक, टेबलावर चुन्याचा थर. नव्या भोकातून उन्हाची एक तिरीप आत आली होती आणि तिच्यात धूळ अशी निवांत तरंगत होती, जणू वर्षानुवर्षं तिला या उन्हाचीच वाट होती.

"गवंडी चहाला गेलेत," चेहरा म्हणाला. "मी नुसता हात लावला हो. वीट आपणहून पडली."

"वीट आपणहून पडत नाही."

"मग तुम्ही तिकडून ओढली असणार."

"मी काम करत होते."

"कसलं काम?"

हे सांगितलं की पुढे काय येतं, ते तिला पाठ होतं. "धुळीचं. लांबच्या दीर्घिकांमधल्या धुळीचं."

भिंतीपलीकडे हसू फुटलं. मोठं, मोकळं, न लपवता आलेलं.

"धुळीवर संशोधन, आणि धूळ सोसत नाही?"

"माझी धूळ फार लांब असते. ती नाकात जात नाही."

भोकातून एक हात आत आला. हातात घडी घातलेला रुमाल. "घ्या. धुतलेला आहे."

"कशावरून?"

"वास घेऊन बघा."

"शिंकणाऱ्या माणसाला वास येत नाही."

"मग काय... विश्वास ठेवा."

तिने रुमाल घेतला नाही. हात थोडा वेळ तसाच उन्हात राहिला, बोटांवर धूळ बसत राहिली, मग हळूच मागे गेला. जाताना मात्र तो हात काहीतरी ठेवून गेला, असं तिला उगाचच वाटलं. काय, ते तिने शोधलं नाही.

*

भिंत पाडायचा हट्ट बाईंचा होता. संस्थेत त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. वयाने मोठ्या, बोलायला कमी, आणि चष्म्यावरून बघितलं की समोरच्याला आपलं गणित चुकलंय असं आपोआप वाटावं. त्या दोन खोल्यांत एका बाजूला धूळवाले बसत, दुसऱ्या बाजूला वायूवाले. मधे भिंत होती आणि भिंतीहून जुनं भांडण होतं.

"जिथे तारे जन्मतात तिथे वायू आणि धूळ एका पाळण्यात झोपतात," बाई म्हणाल्या. "तुम्हाला एका खोलीत बसायला काय होतं?"

तर ते असे एका खोलीत आले. धूळवाली ती, आणि वायूवाल्यांत त्या दिवशीच रुजू झालेला तो.

काम असं होतं. फार फार लांब, जिथला उजेड निघाला तेव्हा आपली पृथ्वीही नव्हती, अशा दीर्घिकांमध्ये तारे रास लागावी तसे जन्मत होते. तारा होतो थंड वायूचा. वायू धुळीत लपेटलेला असतो, बाळ दुपट्यात असावं तसा. ती धूळ ताऱ्यांचा उजेड गिळते, कोमट होते, आणि तिची ती कोमट ऊब एका उंच, कोरड्या पठारावरच्या रेडिओ-दुर्बिणींच्या तबकड्या टिपून घेतात. मग आकाशाचा तो तुकडा तिच्या पडद्यावर येतो — सगळी खरखर, नुसती खरखर. त्या खरखरीत कुठेतरी उबेचा एक ठिपका, वर्णपटात वायूची एक बारीक रेषा. धान्य निवडावं तसं तिने ते निवडायचं.

"पण ज्याला सापडायलाच हवं असतं, त्याला सापडतंच," बाई म्हणाल्या. "म्हणून तुझी परीक्षा घ्यायची." आणि त्या त्याच्याकडे वळल्या. "तू पेर."

पेरायचं म्हणजे आकाशाच्या तुकड्याची एक प्रत घ्यायची आणि तिच्यात आपण घडवलेल्या खोट्या दीर्घिका लपवायच्या. कुठे, किती, कशा, ते फक्त पेरणाऱ्याला ठाऊक. निवडणारीने त्यातल्या किती शोधल्या, त्यावरून तिच्या नजरेचा भरवसा ठरायचा.

"पेरणाऱ्याने सांगायचं नाही, निवडणारीने विचारायचं नाही," बाईंनी बजावलं. "आणि तू, दिसेल ते सगळं घ्यायचंस. खरं कुठलं, खोटं कुठलं, हे तू ठरवायचं नाहीस. ते उघडायच्या दिवशी बघू."

तिने मान हलवली. त्याने हात जोडले. दुपारपर्यंत संस्थेत त्याचं नाव पडलं होतं, पेरणीवाला.

*

तिचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी आईचं शिवणयंत्र. आई लोकांचे कपडे शिवायची, आणि पाय चालत असले की तोंडात काहीतरी असायचंच. कुणी न शिकवलेलं, शिवता शिवता जुळलेलं —

सुईच्या नाकातून गेला गं दोरा,
जाणाऱ्याच्या वाटे डोळ्यांचा पहारा.

जाणारा कोण, हे घरात कुणी बोलत नसे. बाबा फिरतीवर असायचे, कापडाचे नमुने घेऊन गावोगाव. त्यांचं बोलणं असं, की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. निघताना आईला म्हणायचे, "चंद्र भरायच्या आत येतो. तुझ्याशिवाय मला बाहेरचं पाणी गोड लागत नाही." चंद्र भरायचा, ओसरायचा. बाबा यायचे. मग उशिरा यायचे. मग एकदा आलेच नाहीत. दुसऱ्या गावात दुसरं घर झालंय, हे शेजारच्या मावशींनी सांगितलं तेव्हा ती शाळेच्या गणवेशात दारात उभी होती, आणि आईच्या हातातली कात्री कापडातून सरळ, न थांबता, पुढे जात राहिली होती.

तेव्हापासून तिने आयुष्याकडे एवढं एकच मागितलं होतं — फसायचं नाही. गोड शब्द आला की आधी दार लावायचं. कडी घालायची. मग आतून विचारायचं, कोण आहे?

"सुलट बाजू सगळ्यांचीच देखणी असते," कापड तपासताना आई म्हणायची. "शिवण बघायची तर कपडा उलटा करावा."

ती असंच करायची. कपड्याचं, माणसांचं, दीर्घिकांचंसुद्धा.

*

पण एका खोलीत पाठीला पाठ लावून बसलं की किती दिवस तुम्ही-तुम्ही चालणार?

पाऊस लागला होता. खिडकीच्या काचेवरून पाणी वाकडंतिकडं उतरत होतं आणि वीज मघापासून गेलेली. पडदे काळे. करायला काही नाही. तो खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसला.

"हायड्रोजनसारखा मुखदुर्बळ कोणी नाही," तो म्हणाला. "त्या वायूत जवळजवळ सगळा तोच. तारे त्याचेच होणार. पण थंडीत तोंड म्हणून उघडत नाही. त्याच्या वतीने बिचारा कार्बन मोनॉक्साइड बोलतो. आपण ऐकतो ती रेषा त्याची."

"म्हणजे वकील."

"वकील कसला, मित्र! प्रेम एकाचं, घसा दुसऱ्याचा कोरडा. तुमच्या कॉलेजात नव्हते का असे?"

"तुमचा मित्र कुठे आहे मग?"

"मला लागत नाही. मी स्वतःच फार बोलतो."

"तेच तर," ती म्हणाली. आणि मग, गप्प राहवेना म्हणून, "तुमच्या वायूचं कौतुक पुरे. माझ्या धुळीशिवाय त्याचं लग्न जमत नाही."

"ते कसं?"

"हायड्रोजनचे दोन अणू मोकळ्यावर भेटले तरी थांबत नाहीत. आले तसे निघून जातात. भेटीची जी ऊब असते ना... ती टाकायला त्यांना जागा नसते. धुळीचा एखादा कण लागतो. त्याच्यावर दोघं टेकतात, तो कण ती ऊब आपल्याकडे घेतो, आणि मग कुठे त्यांची जोडी जमते. रेणू होतो."

बाहेर पत्र्यावर पाऊस बोलत होता.

"म्हणजे टेकायला जागा हवी," तो म्हणाला.

"हो."

"हा कट्टा चालेल?"

ती हसली. हसू नये असं ठरवूनही हसली. आणि जाऊन कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकली — मधे एक माणूस आरामात बसेल एवढं अंतर ठेवून.

"काल ताईचा फोन होता," तो पावसाकडे बघत म्हणाला. "विचारत होती, ती शिंकणारी कशी आहे?"

"ताईला कोणी सांगितलं शिंकणारीबद्दल?"

"विटेने."

"तुझ्या विटा फार बोलतात," ती म्हणाली, आणि तोंडातून 'तुझ्या' निघून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. त्याच्याही आलं. दोघांपैकी कुणीच ते दुरुस्त केलं नाही. वीज आली तेव्हा दोघांनाही थोडा रागच आला.

*

त्याच्या पेरलेल्या दीर्घिका तिला ओळखू येऊ लागल्या.

बाईंनी ठरवायचं नाही म्हणून सांगितलं होतं, ते तिला आठवत होतं. पण हात ओळखीचा झाला की काय करणार? आई नाही का दुसऱ्याच्या शिवणीवरून शिंपी ओळखत? त्याच्या दीर्घिका जरा जास्त नेटक्या असायच्या. धुळीचा ठिपका आणि वायूची रेषा अगदी एकावर एक, काठ जुळवून बसवलेली. खऱ्या आकाशाला एवढा नीटनेटकेपणा कुठला? तिथे सगळं थोडं सरकलेलं, थोडं विस्कटलेलं.

एखादी सापडली की ती मनात म्हणायची, हा बघ, इथे लपवलास होय? तो मागे बसलेला असायचा, त्याला काही कळायचं नाही. पण तिला वाटायचं, कुणीतरी आपल्याशी बोलतंय. सबंध आकाशाच्या गोंगाटातून फक्त आपल्याला ऐकू येईल असं.

त्या संध्याकाळी फाटकापाशी पाऊस नुकता थांबला होता. त्याने उघडी छत्री खांद्यावर टेकवली आणि दांडा गरकन फिरवला. थेंब चहूकडे उडाले, तिच्या गालावर, पापणीवर.

"ए! काय हे!"

"दीर्घिका," तो म्हणाला. "बघ, फिरते तेव्हा एक काठ तुझ्याकडे येतो, एक काठ लांब जातो. म्हणून तिच्या रेषेला दोन उंचवटे येतात. एक येणाऱ्याचा, एक जाणाऱ्याचा."

"मला शिकवतोस?"

"नाही. भिजवतोय."

तिने ओढणीने गाल पुसला. पापणीवरचा थेंब मात्र तसाच ठेवला, जाईल तेव्हा जाईल म्हणून.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तुकड्याच्या एका कडेला, जिथे कुणी बघणार नाही अशा जागी, ती तिला दिसली.

रेषेला दोन उंचवटे. मधे हलकीशी दरी. एक खांदा जरासा उंच, एक जरासा झुकलेला. धूळ थोडी बाजूला सरकलेली, पदर ढळावा तशी. इतकी हळुवार, इतकी जिवंत, की तिच्या छातीत काहीतरी लकाकलं.

मग ती हसली. अच्छा! कालची छत्री आज इथे आणून ठेवलीस. धूळसुद्धा मुद्दाम वाकडी केलीस, मला फसवायला. किती जीव ओतलायस रे हिच्यात!

आणि तिने ती दीर्घिका बाजूला काढून टाकली. त्याच्या बाकीच्या तिने नियमाप्रमाणे यादीत घेतल्या होत्या; ही परीक्षेसाठी नाही, आपल्यासाठी ठेवलेली, म्हणून घेतलीच नाही. ही त्याची. याबद्दल तिला इतकी खात्री होती, जितकी आजवर कशाचीच नव्हती.

*

"मला पठारावर बोलावलंय," तो म्हणाला. "तबकड्यांपाशी. दोन वर्षं तरी."

चहाचे कप हातात घेऊन दोघं जिन्यात उभे होते. वरच्या झरोक्यातून भुरा उजेड पडत होता. ती एक पायरी वर, तो एक पायरी खाली, त्यामुळे डोळे अगदी समोरासमोर आले होते.

"कधी?"

"उघडण्याचा दिवस झाला की लगेच." त्याने कपात बघितलं. "तिथे पाऊस नाही. वाफेचा थेंबसुद्धा नको असतो, आपल्या या लहरी हवेतलं पाणी गिळून टाकतं ना. सगळं कोरडं, उंच. श्वास घेताना छाती मोजून हवा घेते म्हणतात." मग तो हसला, नेहमीसारखा. "चल माझ्याबरोबर."

"आजवर किती जणींना म्हणालास हे?"

"आज? आज तू पहिलीच."

ती हसली. पण तो हसला नाही. दार लाव, कडी घाल.

"गंमत करतोय असं वाटतंय तुला," तो म्हणाला. "नाही करत. मला... मला तू हवी आहेस. तिथे, इथे, कुठेही. खोटं मी कामात पेरतो. बोलण्यात नाही."

तिच्या कानात कुणाचा तरी जुना आवाज आला. बाहेरचं पाणी गोड लागत नाही.

"एकदा पेरायची सवय लागली की हाताला कळत नाही," ती म्हणाली, "कुठे थांबायचं ते."

शब्द तोंडातून गेला आणि तिला तो त्याच्या चेहऱ्यावर पडताना दिसला. त्याने मान हलवली — हळू, समजल्यासारखी. राहिलेला चहा तसाच कपात घेऊन तो जिना उतरून गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर त्या खोलीत पुन्हा भिंत उभी राहिली. विटा नव्हत्या, चुना नव्हता, तरी भिंत होती. तो वेळेवर यायचा, वेळेवर जायचा, "दिवा लावू का?" म्हणून विचारायचा. त्याचं हे सभ्य बोलणं तिला आजवरच्या सगळ्या थट्टेपेक्षा जास्त लागायचं.

*

उघडण्याच्या दिवशी खोलीत सगळे जमले. धूळवाले, वायूवाले, आणि मधल्या खुर्चीत बाई.

ती एकेक दीर्घिका पडद्यावर आणत होती. तो भिंतीला टेकून उभा होता आणि एकाच शब्दात उत्तर देत होता.

"ही?"

"माझी."

"ही?"

"माझी."

"ही?"

"नाही. ही आकाशाची."

खोलीत माना डुलत होत्या. तिने त्याची जवळजवळ प्रत्येक पकडली होती. बाईंनी चष्मा काढून पुसला, म्हणजे त्या खूश होत्या.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"एक राहिली," ती म्हणाली. खरं तर दाखवायची गरज नव्हती. पण तो उद्या जाणार होता, आणि तिला त्याला एवढं तरी सांगायचं होतं, की मी पाहिली, तू केलेली ती सगळ्यात सुंदर गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. "ही मी धरलेलीच नाही. बघताक्षणी कळलं, ही याची."

पडद्यावर दोन उंचवटे आले. मधली दरी. बाजूला सरकलेली धूळ.

तो भिंतीपासून हलला. पडद्याजवळ आला. आणखी जवळ. त्या उजेडात त्याचा चेहरा तिला कितीतरी दिवसांनी नीट दिसला.

"ही माझी नाही," तो म्हणाला.

"गंमत नको."

"बाईंसमोर गंमत करीन?" आवाज इतका हळू होता, की मागच्यांना ऐकूही गेला नसेल. "मी हिला आज पहिल्यांदा बघतोय. मला... मला हे असं करता येत नाही गं. एवढं चांगलं."

बाई उठल्या. "मूळचा तुकडा उघडा," म्हणाल्या. "न पेरलेला."

मूळ तुकडा उघडला. त्याच्या साऱ्या दीर्घिका तिथे नव्हत्याच, जणू कुणी फुंकर मारून विझवल्या होत्या. त्याच कडेला, त्याच जागी, ती मात्र होती. तशीच, एक खांदा उंच, एक झुकलेला. कुणी केलेली नाही, कुणी लपवलेली नाही. फिरत होती, तिच्यातला वायू काठाकाठाने वाहत होता, तिथे तारे होत होते, आणि तिचा तो उजेड इथवर यायला इतका चालला होता, की त्याच्या वाटेत आपला सूर्य जन्मून मोठा झाला.

आणि तिने ती फेकून दिली होती.

"ठरवायचं नाही म्हणून सांगितलं होतं मी," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्यापेक्षा वाईट म्हणजे त्यांना नवल वाटलं होतं. "तुझ्याकडून ही चूक? खरी टाकून द्यावीस? असं कसं वाटलं तुला, की ही पेरलेली?"

सगळे तिच्याकडे बघत होते. काहीतरी शास्त्रीय उत्तर द्यायला हवं होतं. खरखर, रेषेची रुंदी, काहीही. तिने तोंड उघडलं आणि तोंडातून खरं निघालं.

"इतकं सुंदर काही असलं," ती म्हणाली, "तर ते... यानेच केलं असणार. असं वाटलं मला."



बाईंनी चष्मा घातला. तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे.

"हे कारण," त्या म्हणाल्या, "अहवालात कसं लिहायचं, त्याचा मला विचार करावा लागेल."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, खुर्च्या सरकल्या, लोक पडद्याभोवती गोळा झाले. बाई बोलत होत्या. एका रेषेवर अंतर पक्कं होत नाही, दुसरी रेषा मिळवायला हवी, त्यासाठी पुढच्या महिन्यात कुणीतरी पठारावर जायला हवं, जिने शोधली तिनेच गेलं तर बरं, उद्यापर्यंत कळव. तिने मान हलवली. गर्दीतून तिने त्याला शोधलं, तर तो खोलीत नव्हता.

*

"आणि मग?" आईने विचारलं. यंत्र थांबवून.

"मग काही नाही. सकाळी जातोय तो."

संध्याकाळचा उजेड शिवायच्या कापडावर पडला होता. आईने सुईखालून कापड सोडवलं, दोरा दाताने तोडला.

"तो असं म्हणाला, आणि तू त्याला असं म्हणालीस. माझ्यावरून म्हणालीस ना?"

ती खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचायला लागली.

"पोरी, एक सांगू? तुला वाटतं मला फसवलं तुझ्या बाबांनी." आई खिडकीबाहेर बघत होती. "बाहेरचं पाणी गोड लागत नाही म्हणायचे ना... तेव्हा खरंच लागत नव्हतं त्यांना. मी समोर होते, मी बघितलंय. ते खोटं नव्हतं. पुढे टिकलं नाही. खरं असणं वेगळं आणि टिकणं वेगळं."

"मग काय उपयोग त्या खऱ्याचा?"

"उपयोग?" आई हसली. इतक्या वर्षांत या विषयावर ती पहिल्यांदा हसली. "तू आहेस की समोर बसलेली. नाक लाल करून."

ती रडत होती हे तिला तेव्हा कळलं.

"टिकेल का, हे कुठल्याच शिवणीवर लिहिलेलं नसतं गं. उलटं करून बघ, नाहीतर सुलट. शिवण आज पक्की आहे का, एवढंच दिसतं. पुढचं घातल्यावर कळतं." आईने पुन्हा पायाला गती दिली. यंत्राच्या आवाजात तिचे पुढचे शब्द जवळजवळ बुडाले. "जा. तोंड धू आधी."

*

सकाळी भुरभुर होती. छत्री उघडावी इतकी नाही, न उघडावी इतकीही कमी नाही.

संस्थेच्या फाटकाशी गाडी उभी होती. तो मागच्या बाजूला सामान रचत होता. ती धावत आली, आणि तीन पावलांवर आल्यावर पाय थांबले. काल रात्रीपासून जुळवलेलं सगळं बोलणं पळून गेलं.

"काल का निघून गेलास?"

त्याने पेटीचा पट्टा ओढला. "भीती वाटली."

"कसली?"

"तू जे म्हणालीस, ते झालेल्या चुकीचं कारण सांगताना म्हणालीस. चूक कळली की माणूस दुरुस्त करतं." तो तिच्याकडे वळला. केसांवर पावसाचं बारीक पीठ पडलं होतं. "तुला खात्री लागते. माझ्याकडे नाही. तिथे वर मी कसा असेन, दोन वर्षांनी कसा असेन, मलाच ठाऊक नाही. काय दाखवू तुला?"

"काही दाखवू नकोस."

"मग?"

"जिन्यात जे म्हणाला होतास ते पुन्हा म्हण."

त्याने मान हलवली. थट्टा नव्हती डोळ्यांत, राग नव्हता. होतं ते फार दमलेलं आणि फार सरळ. "नाही. या वेळी तू."

बरोबर होतं. तिच्या मनाने लगेच शोधाशोध केली — काहीतरी पुरावा, काहीतरी आधार, पुढे पाऊल टाकायच्या आधी पायाखाली चाचपायला काहीतरी. काही नव्हतं. ओला रस्ता होता आणि तो होता.

"मला तू हवा आहेस," ती म्हणाली. "टिकेल का, माहीत नाही. आज आहे. उद्या सकाळी उठून पुन्हा बघीन, परवा पुन्हा. मी... मी पुढच्या महिन्यात वर येणार आहे."

"दीर्घिकेसाठी," तो म्हणाला.

"दीर्घिकेसाठी मला बाई पाठवतायत. तुझ्यासाठी मी येतेय."

त्याने नुसता हात पुढे केला. बोटं ओली, गार. तिने तो हात दोन्ही हातांनी धरला.

ड्रायव्हरकाकांनी काच खाली केली. "साहेब, गाडी चुकेल. एकटेच ना?"

"एक—" तो म्हणायला लागला.

"दोघं, काका," ती म्हणाली, आणि दार उघडून आत बसली. "मी आज स्टेशनपर्यंतच."

काकांनी आरशातून एकदा पाहिलं आणि वायपर चालू केला. तो शेजारी येऊन बसला. या वेळी मधे कुणाला बसायला जागा उरली नव्हती.